वाटा

सहाची फेरीबोट चोडणला लागते
आणि शिकवणीला तिघं येतात.
सोप्यावर चटई, पिवळा बल्ब,
खाजनाकडून ओहोटीचा वास.
फळा म्हणून जुन्या कपाटाचं दार आहे,
त्यावर खडू नीट उठत नाही,
वर्गाचा दोन तर दोनदा गिरवावा लागतो.

तीन क्ष वर्ग अधिक पाच क्ष,
त्यात मिळवा दोन क्ष वर्ग अधिक क्ष.
मेल्सियानं सगळं एकाच पोत्यात भरलं :
अकरा क्ष घन.
खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या,
मोजून, समांतर.

मी नेहमीचं सांगितलं,
माझ्या बाईंनी मला सांगितलेलं :
बांगडे बांगड्यांत, पेडवे पेडव्यांत.
उत्कर्षनं मान डोलावली. त्याला सगळंच पटतं.

पायरीवरून बाबलो म्हणाला,
"पण बाई, आमची आई वाटा लावते.
एका वाट्यात चार तऱ्हेची मासळी.
पैसे एकच."

(तो पायरीवरच बसतो.
चटईवर ये म्हटलं
तर म्हणतो, पाय चिखलाचे आहेत.
मी पाहिलेत. नसतात.)

पंधरा वर्षं शिकवते आहे,
हे कुणी विचारलं नव्हतं.
खडू हातात तसाच.
मग म्हटलं, तुझ्या आईला भाव ठाऊक असतो, बाबलो.
भाव ठाऊक असला की सगळं मिसळतं,
वर्ग, घन, सुटे आकडे,
शेवटी एकच रक्कम.
आपल्याला क्ष अजून ठाऊक नाही.
ठाऊक होईपर्यंत
ज्याचं त्याच्यापाशी ठेवायचं, इतकंच.

पुस्तकात याला शब्द आहे, सजातीय पदे.
तो मी भरभर वाचते.
हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा
पहिल्यांदा आडनाव विचारलं होतं,
मग गाव, मग आईचं माहेर,
आणि शेवटी, बाहेर पडता पडता,
काय शिकवता?
मुलांना मी सांगते, सारख्या घाताची पदं.
परीक्षेत दुसरा शब्द येईल. तोही लिहून ठेवा.

पुढचं गणित उभ्या मांडणीचं.
चार क्ष घन, वजा क्ष, अधिक सात.
वर्ग नाहीच. तिथं काय लिहू?
शून्य लिही, उत्कर्ष म्हणाला.
मेल्सियाचा पप्पा बोटीवर असतो, आठवा महिना.
ती म्हणाली, शून्य नको.
नुसती जागा सोडते.
मी चूक दिली नाही.
खालच्या ओळीतून आलेले सहा क्ष वर्ग
त्या मोकळ्या जागेखाली
नीट बसले.
वजा क्ष आणि क्ष मात्र
समोरासमोर आले नि दोघंही गेले.
उरले पाच क्ष घन, सहा क्ष वर्ग, सात.
सातला कुणी नव्हतं, तो तसाच खाली उतरला.

साडेआठला बाबलोची आई रिबंदरहून परतली.
डोक्यावरची पाटी रिकामी,
हातात पानात बांधलेलं काहीतरी.
"शेवटचा वाटा, बाई. खपला नाही."
किती द्यायचे?
"द्या कितीही."
तिच्या मागून बाबलो उठला,
पायरी हातानं झाडली
आणि दोघं काळोखात बांधावरून गेली,
विजेरी एक, पावलं चार.

मी ताटात पान सोडलं :
एक शेवटा, तीन मुडदुश्या,
मूठभर सुंगटं,
आणि एक चपटा, रुपेरी, नाव नसलेला,
निदान मला ठाऊक नसलेला.
सवयीनं बोटं निवडू लागली,
हे इकडे, ते तिकडे.
नाव नसलेला हातात आला
तेव्हा थांबले.
चुलीवर वाटण उकळत होतं.
बाहेर कपाटाच्या दारावर
अकरा क्ष घन अजून पुसायचा होता.